जॉइंट डेन्सिटी : घनता की भरीवपणा?

प्रश्न :
अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रस्तेखात्याच्या डांबरी रस्त्याच्या नियमांवरचा लेख मराठीत आणतेय. त्यात लाँगिट्यूडिनल जॉइंट डेन्सिटी (शेजारच्या दोन लेन जिथे लांबीने जुळतात तिथला माल किती घट्ट बसलाय ते) मोजून ठेकेदाराला इन्सेंटिव्ह द्यायचा असा प्रकार आहे. 'अनुदैर्ध्य संधी घनता' लिहून बघितलं पण मलाच वाचवेना. साइटवर काय म्हणतात? आणि इन्सेंटिव्हला 'प्रोत्साहन भत्ता' चालेल का?

उत्तर :
ताई, अनुदैर्ध्य नकोच. साइटवर नुसतं जॉइंट म्हणतात, लिहायचं तर 'उभा सांधा' लिहा, उभं-आडवं सगळ्यांना कळतं. पेव्हर (डांबरी माल पसरणारं यंत्र) एक लेन टाकतो, शेजारची नंतर पडते, तोवर पहिलीची कड गार झालेली असते, शिवाय ती टाकताना कडेला बाजूने काही आधार नसतो त्यामुळे रोलर फिरला की माल दबायच्या ऐवजी बाहेर सरकतो. मग सांध्यात पोकळी राहते, त्यात पाणी आणि हवा शिरते, डांबर कडक होतं, खडी सुटायला लागते आणि बाकी रस्ता धड असताना मधोमध सरळ चर पडत जाते. कुणी 'दर्ज' सुचवेल, पण दर्ज म्हणजे गवंड्याच्या दोन दगडांमधली फट, इथे फट राहूच नये हा सगळा आटापिटा आहे.

उत्तर :
सांधा ठीक, पण मला 'घनता'च खटकते. घनता म्हटलं की शाळेतलं वस्तुमान भागिले आकारमान आठवतं, आणि ती टक्क्यात कशी काय असेल? इथे ९० टक्के म्हणजे मालात हवेचं एकही छिद्र नसतं तर जी कमाल घनता आली असती तिच्या ९० टक्के, म्हणजे उरलेली १० टक्के हवा. म्हणून मी 'भरीवपणा' लिहीन, पहिल्यांदा एकदा समजावून सांगायचं की झालं. 'सापेक्ष घनता' अजिबात नको, तो शब्द स्पेसिफिक ग्रॅव्हिटीला आधीच दिलेला आहे.

प्रश्नकर्ती :
भरीवपणा आवडला! दबाई आणि भरीवपणात गल्लत नाही ना होणार?

उत्तर :
नाही होणार. दबाई ही रोलरची क्रिया, भरीवपणा हा तिचा निकाल, आणि पैसे निकालावर मिळतात, रोलरच्या किती फेऱ्या मारल्या त्यावर नाही, तुमच्या लेखाचा गाभाच तो आहे. तिकडे २०१० च्या आसपास हे सुरू झालं. १२,५०० फूट सांध्याचा, म्हणजे पावणेचार किलोमीटरहून थोडा जास्त, एक लॉट (एकत्र तपासायचा हिस्सा) धरतात, त्याचे पाच तुकडे, प्रत्येकातून नेमक्या सांध्यावर सहा इंची कोअर (यंत्राने कापून काढलेला गोल नमुना) काढायचा. किमान मर्यादा ९० टक्के. नुसती सरासरी बघत नाहीत, लॉटमधला किती भाग मर्यादेच्या वर बसतो त्याचा हिशेब करतात, तो चांगला आला तर बिलात भर, फारच वाईट आला तर कपात.

म्हणून 'प्रोत्साहन भत्ता' नको, भत्ता म्हणजे ठरलेली रक्कम. 'बक्षीस'ही नको, ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. बोनस म्हटलं की दिवाळी. मी 'दर्जावाढीव देयक' लिहीन, आणि उलट बाजूला 'दर्जाकपात'. एका जोडीतले शब्द एका घराण्यातलेच हवेत, नाहीतर बातमीत फक्त ठेकेदाराची चैन दिसते आणि कपात कुणी वाचतच नाही.

उत्तर :
दर्जाकपात छान आहे. फक्त ताई, लेखात हेही लिहाच की पैसे पणाला लागल्यावर कामगारांची टोळी नेमकं काय वेगळं करते : पहिल्या लेनची कड दोरीत सरळ ठेवणं, जुन्या कडेला टॅक (चिकटण्यासाठी पातळ डांबर) नीट मारणं, नवा माल जुन्यावर इंचभर चढवून टाकणं, तो फावड्याने लेनभर पसरवत न बसणं, आणि दबून सपाट होईल इतका नवा थर किंचित उंच ठेवणं. यातलं एकही महागडं नाही. इतकी वर्षं हे होत नव्हतं कारण कोअर लेनच्या मधूनच काढायचे, सांधा कुणी तपासतच नव्हतं. तो भाग वाचकाला कळला तर शब्द कुठलाही चालेल.

प्रश्नकर्ती :
ठरलं, 'उभ्या सांध्याचा भरीवपणा' आणि 'दर्जावाढीव देयक / दर्जाकपात'. कोअरला कोअरच ठेवते.