कुमार कादंबरीतला बॉक्सर: हॉलवरचे तपशील कुठे चुकताहेत?

शाईपेन

१३ ते १७ वयाच्या वाचकांसाठी कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा केलाय. नायक १५ वर्षांचा, खडकीत राहणारा, नववीत गणित-विज्ञानात गटांगळ्या खाणारा. वडिलांचं काम सुटलंय, घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि शाळेत याच्या मारामाऱ्या. जूनमध्ये पी.टी.चे सर त्याला बॉक्सिंगच्या हॉलवर नेऊन सोडतात. ऑगस्टमध्ये जिल्हास्तर शालेय स्पर्धेत तो एक डोळा पूर्ण सुजलेला असताना समोरच्याला नॉकआउट करतो. त्याच मुलाशी पुढच्या महिन्यात पुन्हा गाठ पडते आणि तिथे कादंबरी संपते.

जाणकारांना विचारायचंय ते असं. जून ते ऑगस्ट हा काळ पुरेसा वाटतो का? पहिल्या दिवशी हॉलवर नेमकं काय करून घेतात? गुण कसे मोजतात? मी 'प्रत्येक ठोशाला एक गुण' असं धरलंय. आणि नॉकआउटचा शेवट चालेल ना? फोडून काढलंत तरी चालेल, पुस्तक अजून छापलेलं नाही.

निळा कोपरा

सगळ्यात आधी कॅलेंडर. जूनमध्ये आलेल्या मुलाला कोणताही शहाणा प्रशिक्षक ऑगस्टमध्ये रिंगणात उतरवणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे फक्त उभं राहणं आणि चालणं. मग जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मग वन-टू (जॅबच्या पाठोपाठ मागच्या हाताचा सरळ ठोसा). हुक (बाजूने वळवून मारलेला) आणि अपरकट (खालून वर मारलेला) त्यानंतर. हलकं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, तीन-चार महिन्यांनी, तेही सुरुवातीला 'फक्त डाव्या हाताने' अशा अटीवर. पहिली लढत सहा महिन्यांपासून वर्षभरात कधीतरी. तेव्हा तुमचा नायक उतरेल तो पुढच्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत.

पहिला दिवस. धावणं, मग दोरीच्या उड्या तीन राउंड. नवख्याची दोरी दर दहा सेकंदांनी पायात अडकते आणि दुसऱ्या दिवशी नडग्या ठणकतात. त्यानंतर स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत. उजव्या हाताचा मुलगा असेल तर डावा पाय पुढे, खांद्याइतकं अंतर, मागची टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, मुठी गालाच्या हाडापाशी, कोपरं बरगड्यांना लागून. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, आणि दोन पायांतलं अंतर बदलायचं नाही. वाचायला सोपं आहे. करताना पाय एकमेकांजवळ येतात किंवा कात्री होते, आणि त्या क्षणी नुसता धक्का लागला तरी माणूस आडवा होतो. म्हणून जमिनीवर खडूने रेघ मारून तासभर त्या रेघेवरून ये-जा करून घेतात. मारामारीची खुमखुमी घेऊन आलेल्या मुलाला याहून मोठी शिक्षा नाही. तुमचं तिसरं प्रकरण मला तरी इथेच दिसतं.

रस्त्यावरच्या मारामाऱ्यांचा हॉलवर उपयोग होतो हा गैरसमज. असा मुलगा लांबून हात फिरवून मारतो, म्हणजे ठोसा निघाल्यापासून पोहोचेपर्यंत समोरच्याला दिसत राहतो. मारताना डोळे मिटतो, श्वास रोखतो, आणि मिनिटभरात त्याची हवा निघते. बॅगवर तसाच वेडावाकडा ठोसा बसला की मनगट मुडपतं. करंगळीच्या बाजूने बसला तर तळहातातलं करंगळीमागचं हाड मोडतं. कित्येक मुलं अंगठा मुठीच्या आत ठेवतात, तोही दुखावतो.

आता पट्टी, कारण तुमच्या खर्ड्यात 'त्याने झटकन पट्ट्या गुंडाळल्या' असं काहीतरी असणारच. अंगठ्यात लूप अडकवायचा, पट्टी हाताच्या मागच्या बाजूने घेऊन मनगटाला तीन वेढे, बोटांच्या गाठींवर तीन वेढे, मग बोटांच्या फटींतून एकेक फेरा, अंगठ्याला एक, आणि उरलेली पट्टी मनगटावर संपवून वेल्क्रो. हे सगळं बोटं फाकवून करायचं. मूठ मिटल्यावर पट्टी आवळते, त्यामुळे आधीच घट्ट बांधली तर दुसऱ्या राउंडला बोटांना मुंग्या येतात. सैल राहिली तर ग्लोव्हच्या आत गोळा होऊन गाठींना रुतते. नवख्याला एका हाताला दहा मिनिटं लागतात आणि शेवटी पट्टी उलटी निघते. दोन महिन्यांनी तोच मुलगा गप्पा मारत, हाताकडे न बघता दोन मिनिटांत बांधतो. प्रगती दाखवायला एवढं पुरे, पदक लागत नाही.

हॉलचे ग्लोव्ह सार्वजनिक असतात. आधीच्या मुलाच्या घामाने आतून ओले, गाठींपाशी फोम बसलेला, आणि वास असा की घरी जाऊन साबणाने हात धुतले तरी जेवताना येतो.

तिसरी दोरी

निळा कोपरा यांच्या कॅलेंडरशी सहमत. मी फक्त स्पर्धेच्या दिवसाबद्दल लिहितो.

ठोशाला एक गुण ही जुनी पद्धत. पंच बटणं दाबायचे ते यंत्र २०१३ मध्ये गेलं. आता प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९, फारच एकतर्फी झाला तर ८. रिंगणाबाहेर बसलेले पाच पंच आपापले गुण देतात. ते बघतात लक्ष्यावर स्वच्छ बसलेले ठोसे, लढत कोणाच्या ताब्यात होती, आणि कोण शेवटपर्यंत झुंजत राहिला. ग्लोव्हवर किंवा दंडावर बसलेल्या दहा ठोशांची किंमत शून्य. कादंबरीत याचा उपयोग करा: गॅलरीतले मित्र ज्या ठोशावर ओरडतात तो बहुतेक वेळा मोजलाच जात नाही.

१५-१६ च्या मुलाची लढत दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये मिनिटभर विश्रांती. घंटेपासून घंटेपर्यंत आठ मिनिटं. या वयाला हेडगार्ड लागतं आणि ग्लोव्ह जाड असतात, त्यामुळे सिनेमातल्यासारखा नॉकआउट क्वचितच दिसतो. होतं ते असं: एक मुलगा डळमळतो, रेफ्री 'स्टॉप' म्हणून काउंट सुरू करतो. मुलगा तीनला सावरला तरी काउंट आठपर्यंत जातोच. मग रेफ्री त्याच्या डोळ्यांत बघतो आणि 'बॉक्स' म्हणतो किंवा दोन्ही हात हलवून लढत थांबवतो. थांबवली की निकाल आरएससी, म्हणजे 'रेफ्री स्टॉप्स कॉन्टेस्ट'. डोळा पूर्ण बंद असलेला मुलगा तर लढत राहूच शकत नाही. रेफ्री त्याला दोरीपाशी नेऊन डॉक्टरला दाखवतो आणि डॉक्टर नाही म्हणाले की विषय संपला.

तुमच्या कथेतली मोठी अडचण यापुढे आहे. डोक्याला मार लागून लढत थांबली की त्या मुलावर किमान ३० दिवसांची वैद्यकीय बंदी येते आणि या काळात स्पारिंगसुद्धा बंद. शिवाय शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या, जिल्ह्यात हरलेला विभागीय स्पर्धेला जातच नाही. म्हणजे त्याच मुलाशी पुढच्या महिन्यात गाठ पडणं दोन्ही बाजूंनी अडतं.

वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं. रांग, अंगावर फक्त अंडरवेअर, हातात ओळखपत्र, आणि आदल्या रात्रीपासून पोटात काही नसलेली मुलं. काटा ३०० ग्रॅम जास्त दाखवतो तेव्हा मुलं जाडजूड जॅकेट घालून मैदानाला फेऱ्या मारतात, थुंकून थुंकून वजन उतरवतात. वजन बसतं, पण पाणी गेलेल्या अंगाने दुपारी लढायचं असतं आणि दुसऱ्या राउंडला पाय शिशाचे होतात. वाढत्या वयात हा प्रकार धोक्याचा आहे. नायकाकडून करवून घ्याल तर त्याचे परिणामही दाखवा. किलोंचे वर्ग आणि वयाचे गट बदलत असतात, त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच आकडा लिहा.

बारीकसारीक: लाल रंगाचा माउथपीस (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) चालत नाही, कारण तोंडातलं रक्त दिसायला हवं. रिंगण आतून ६.१० मीटर चौरस, दोऱ्या चार. 'ब्रेक' म्हटलं की दोघांनी एक पाऊल मागे जायचं, मगच पुढचा ठोसा. ते न पाळल्यास आधी समज, मग वॉर्निंग, आणि वॉर्निंगने एक गुण जातो. तुमचा नायक तापट आहे ना? मग त्याला ठोशाने कशाला हरवता, त्या एका गुणाने हरवा. पाचांपैकी तिघे विरुद्ध, निकाल ३-२.

खोडरबर

मी संपादनाच्या बाजूने बोलते. वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण ते जसेच्या तसे कादंबरीत ओतलेत तर वाचक चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटवेल. खडूची रेघ तीन महिने दाखवायची नसते. एकच कृती तीनदा दाखवा आणि दर वेळी फक्त एक गोष्ट बदला: पहिल्यांदा तो रेघेवरून घसरतो, दुसऱ्यांदा कंटाळून निघून जातो, तिसऱ्यांदा नवीन आलेल्या मुलासाठी खडू स्वतः उचलतो. मधले आठवडे एका वाक्यात जाऊ द्या.

लढतीची प्रकरणं लहान ठेवा. आठ मिनिटांच्या लढतीला तीस पानं फार झाली. प्रत्येक ठोसा लिहिला की वाचकाला एकही दिसत नाही. पहिला राउंड गोंधळाचा, म्हणून तुटक. विश्रांतीचं मिनिट मात्र सावकाश लिहा. स्टूल आत येतं, माउथपीस काढतात, चूळ, टॉवेल, दोन खोल श्वास, आणि प्रशिक्षकाला जेमतेम दोन वाक्यं बोलायला मिळतात. ती दोन वाक्यं 'आयुष्य म्हणजे एक रिंगण' छापाची नकोत. 'डावा हात खाली येतोय. त्याच्या डावीकडे जाऊ नकोस.' बस्स.

आणि वर्ष पुढे ढकलावं लागतंय हे तुमच्या पथ्यावर पडलंय, लक्षात येतंय का? पुढच्या वर्षी हा मुलगा दहावीत. घरचे म्हणणार, हॉल बंद, क्लास सुरू. हे भांडण आपल्याकडच्या कोणत्याही घरात चालतं, बॉक्सिंग माहीत नसलेल्या वाचकालाही ते कळतं. त्यात खेळाडूंना दहावीला मिळणारे सवलतीचे गुण आहेत. ते स्तरानुसार ठरतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत पाठवावा लागतो. गणितात काठावर असलेल्या मुलासाठी हा केवढा मोठा मोह! वडिलांना एकाएकी बॉक्सिंग आवडायला लागतं ते यामुळे, आणि मुलाला ते आवडणं खुपतं. माझ्या मते तुमची कादंबरी इथे आहे, नॉकआउटमध्ये नाही.

फक्त त्याची जन्मतारीख आत्ताच पक्की करा. १७ वर्षांखालच्या गटात दुसऱ्या वर्षी तो बसला पाहिजे, नाहीतर सगळा डोलारा कोसळेल.

गुडघेदुखी

फिजिओच्या नजरेतून दोनच मुद्दे.

काळा डोळा पहिल्याच तासात काळा नसतो. आधी लाली आणि सूज, दुसऱ्या दिवशी जांभळा-निळा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून हिरवट, मग पिवळा, साधारण दोन आठवड्यांत नाहीसा. आईपासून लपवायचा प्रसंग असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळचा ठेवा, त्या रात्रीचा नको. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकायचं नाही, रक्त घशात उतरतं. पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा, मध्ये सोडून बघायचं नाही.

दुसरा मुद्दा डोक्याचा. डोक्याला मार लागल्यावर बेशुद्धी यायलाच हवी असं नाही. डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, चिडचिड, आणि वाचताना ओळ हातातून निसटणं ही लक्षणं दिसली तरी त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर गाठायचा. पुन्हा मैदानात यायचं ते डॉक्टरच्या परवानगीने, पायरीपायरीने. नायक अभ्यासात आधीच मागे आहे, त्यामुळे हे लक्षण घरच्यांना 'नेहमीचं नाटक' वाटेल. प्रशिक्षकाला मात्र ते आधी कळायला हवं, निदान कादंबरीतल्या प्रशिक्षकाला.

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. नॉकआउट गेला, दुसरी लढत गेली, लाल माउथपीससुद्धा गेला (होता खरा!). आता ३-२ ने हार, दहावीचं वर्ष आणि वडिलांचा अर्ज. एक शेवटचं: निकालाच्या क्षणी दोघे नेमके कसे उभे असतात?

तिसरी दोरी

हेडगार्ड आणि ग्लोव्ह काढून दोघे रिंगणाच्या मध्यावर येतात, फक्त पट्ट्या बांधलेल्या हातांनी. मध्ये रेफ्री, एकाचं उजवं आणि दुसऱ्याचं डावं मनगट त्याच्या मुठीत. निकाल पुकारला की एक हात वर जातो. हरलेल्याचं मनगटही त्या वेळी रेफ्रीच्याच हातात असतं, फक्त ते खाली राहतं. मग दोघे हात मिळवतात, समोरच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या प्रशिक्षकांना भेटतात आणि दोरीखालून वाकून बाहेर.

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). छापून आलं की या धाग्यावर कळवा.