अर्जुन पुरस्कार, डीएसपीची वर्दी आणि 'आइस': जगदीश भोलाचं खापर कुणावर फोडायचं?

लालमाती
परवा तालमीत एका पोरानं विचारलं, "अण्णा, मेडल मिळालं की डीवायएसपी होता येतं ना?" होतं म्हटलं, आणि लगेच भोला आठवला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जगदीश भोला, बठिंडा जिल्ह्यातला मल्ल, आखाड्यात 'किंगकाँग' म्हणून ओळखला जायचा. १९९७ चा अर्जुन पुरस्कार. कुस्तीच्या जोरावर पंजाब पोलिसात डीएसपी, म्हणजे आपल्याकडचं डीवायएसपी. २०१२ मध्ये बडतर्फ, नोव्हेंबर २०१३ मध्ये अटक. हिमाचलमधल्या बद्दीच्या औषध कारखान्यांतून स्युडोएफेड्रिन बाहेर काढायचं, त्याचं 'आइस', म्हणजे मेथॅम्फेटामाइन बनवायचं आणि परदेशी धाडायचं, असा तो धंदा. पेपरात ६००० कोटींचा आकडा गाजला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोहालीच्या सीबीआय न्यायालयानं तीन प्रकरणांत दोषी ठरवलं, एकात १२ वर्षं. जुलै २०२४ मध्ये मनी लाँडरिंगच्या खटल्यात आणखी १० वर्षं.

माझं म्हणणं एवढंच: ही कुस्तीची नाही, वर्दीची गोष्ट आहे. मेडलच्या बदल्यात वर्दी देणं बंद करा. रोख द्या, जमीन द्या, कोच म्हणून घ्या. नाका कुठं लागतो, कुठली गाडी तपासत नाहीत, हे मॅटवर शिकवत नाहीत. भोलाच्या हाती ती किल्ली आपणच दिली.

ढाक
अण्णा, चुकताय. आपल्याकडं पैलवान विजय चौधरी डीवायएसपी झाले, राहुल आवारे डीवायएसपी झाले. चौधरींनी तर २०२३ मध्ये कॅनडात विनिपेगला जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्ण आणलं. ही माणसं वर्दीत राहून कुस्ती जगवतायत. एका पंजाब्यापायी त्यांची पोरं रस्त्यावर आणायची का?

आणि खाशाबा जाधव विसरलात? १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, १९५५ ला पोलिसात. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडले, १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन मिळाला तो मेल्यानंतर. त्या माणसाकडं वाकडी वाट धरायला कारणं भोलापेक्षा दहापट होती. वर्दीही तीच. मग?

पेठेतली
ढाक यांना +१, पण खाशाबांचं उदाहरण प्रत्येक वेळी काढायची सवय मला खटकते. एक माणूस उपाशी राहूनही सरळ राहिला, म्हणून बाकीच्यांनाही उपाशी ठेवायचं असा त्याचा अर्थ होतो. पंचविशीपर्यंत बदाम, दूध, तूप, लोकांचे खांद्यावरचे हात. तिशीत गुडघा गेला की कुणी ओळखत नाही. माझ्या मामेभावाचं हेच झालं. नोकरी लागली नाही, फडावर जाणं बंद झालं, आणि खुराक मात्र सुटला नाही. तो आता जिममध्ये 'पावडर' विकतो, त्यात काय असतं देव जाणे. ही उतरंड तिथूनच सुरू होते.

वकीलकाका
पेठेतली, तुमच्या मामेभावाची कणव समजू शकतो, पण ती भोलाला लागू होत नाही. तो डीएसपी होता, उपाशी नव्हता. गरिबीचा मुद्दा इथं चितपट आहे.

आणि लालमाती, तुम्हालाही सांगतो. वर्दीमुळं नाके कळले, गाड्या सुटल्या, हा तुमचा तर्क आहे. काही प्रकरणांत तो निर्दोषही सुटला, हे तुम्ही लिहायचं सोडलंत. धाग्यावर न्यायदान करताना निकालाची ती बाजूही घ्यावी.

जाता जाता, अमेरिकेचा धावपटू टिम माँटगोमेरी आठवा. २००२ मध्ये पॅरिसला १०० मीटर ९.७८ सेकंदांत धावला, जागतिक विक्रम. डोपिंग प्रकरणात विक्रम पुसला गेला, आणि २००८ मध्ये हेरॉइनच्या गुन्ह्यात पाच वर्षं. त्याला कुणी वर्दी दिली होती?

लालमाती
काका, निर्दोष सुटल्याचं राहिलं, मान्य. तो मुद्दा तर्काचाच आहे हेही मान्य. पण माँटगोमेरीनं तुमचंच नुकसान केलं. त्याच्याकडं वर्दी नव्हती, तो साधा विक्रेता म्हणून सापडला. भोलाच्या नावामागं मात्र ६००० कोटींचा आकडा लागला. ही उंची कुठून आली?

सोलापूरकर
तीच तर गंमत आहे, अण्णा. उंची पैलवानामुळं आली नाही, रसायनामुळं आली.

मी औषध कंपनीत स्टोअरला अकरा वर्षं काढलीत. स्युडोएफेड्रिन म्हणजे साधं सर्दीच्या गोळीत पडणारं. त्याचा हिशेब रजिस्टरमध्ये किलो किलोनं ठेवावा लागतो. बद्दीतून माल निघाला म्हणजे कुणीतरी रजिस्टरमध्ये खोटं उत्पादन दाखवलं, कुणीतरी सही केली, कुणी तपासायला आला तो चहा पिऊन गेला. तो कारकून, तो केमिस्ट, तो मालक, यांच्यातल्या एकालाही अर्जुन पुरस्कार नव्हता. पैलवान नसता तरी माल निघालाच असता, ट्रकवर दुसरा कुणी बसला असता.

२०१६ मध्ये आमच्या सोलापुरात एका कारखान्यावर ठाणे पोलिसांनी धाड टाकली, टनांनी एफेड्रिन सापडलं. २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभला मेफेड्रोन, म्हणजे एमडी नावाचं ड्रग. दोन्हीकडं एकही पैलवान नाही. गावात आठवडाभर चर्चा, मग विषय संपला.

ढाक
सोलापूरकर, म्हणजे भोला बिचारा?

सोलापूरकर
बिचारा कशाला? आत जायलाच हवा होता. मी विचारतोय ते वेगळं आहे. लालमाती अण्णा, प्रामाणिकपणे सांगा. बद्दीचा एखादा कारखानदार १२ वर्षं आत गेला असता, तर हा धागा काढला असतात?

लालमाती
...नसता काढला. तुम्ही काढा की. रजिस्टरमधल्या त्या किलोंचं आम्हाला काही कळत नाही.

सोलापूरकर
रविवारी बसून लिहितो. इथं नऊ प्रतिसाद झालेत ना? तिथं तीन आले तरी पेढे वाटीन.