मदत हवी आहे: संत फ्रान्सिसच्या तळहातांवरील खुणांना मराठीत काय म्हणतात?

जोव्हान्नी बेल्लिनीच्या, साधारण 1475-80 मधल्या, संत फ्रान्सिसच्या तैलचित्रावर मी मराठीत छोटी टिपण लिहीत आहे. हे चित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. फ्रान्सिस म्हणजे असिसीचे, जुन्या गोव्यातले झेवियर नव्हेत.

फ्रान्सिस खडावा मागे सोडून अनवाणी उभे आहेत, हात पसरलेले, मागे गाढव आणि बगळा. 1224 मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर त्यांच्या अंगावर येशूच्या जखमा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. इतर चित्रकार त्या प्रसंगात आकाशात पंख असलेला देवदूत काढतात. इथे तो नाहीच, फक्त प्रकाश आहे आणि तळहातांवर अगदी बारीक खुणा. त्यामुळे तो शब्द नेमका हवा, सगळा अर्थ तिथेच आहे.

‘जखमा’ लिहिले तर अपघात वाटतो, ‘क्षतचिन्हे’ फार पुस्तकी होते. ‘स्टिग्माटा’ ठेवले तर समजावून सांगावे लागते, आणि जागा दोनच ओळींची आहे. वाचणारे बहुतेक ख्रिस्ती नाहीत. नवा शब्द घडवायचा नाही, वापरातला हवा आहे.

वसई किंवा गोव्याकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे मराठी प्रार्थनेत किंवा प्रवचनात या खुणांना कोणता शब्द वापरतात?