‘सब्बल’ लिहिलं म्हणून मार्क कापला. चूक पोरीची की उत्तरसूचीची?

काळीमाती (यवतमाळ):
पोरगी सातवीत आहे. पेपरात आलं, ‘तरफेचे एक उदाहरण लिहा.’ तिनं ‘सब्बल’ लिहिलं, तर लाल फुली. उत्तरसूचीत ‘पहार’ होतं म्हणे. आमच्या गावात पहार म्हणतंच कोण? परवाच धुऱ्यावरचा गोटा काढताना तिनं माझ्यासोबत सब्बल धरली होती. पाच फुटी सब्बल, टोकापासून सहा इंचांवर बाभळीचा ठोकळा टेकू म्हणून. हाताकडे 54 इंच, गोट्याकडे 6. म्हणजे नऊपट. 180 किलोचा भार 20 किलोच्या जोरानं हलतो, पण गोटा एक इंच वर यायला हात नऊ इंच खाली न्यावा लागतो. हे सगळं तिला समजलं आहे. तरी मार्क नाही. मला हा अन्याय वाटतो.

पाटीपेन्सिल (शिक्षक, अमरावती):
दादा, राग समजतो, पण मी फुलीच्या बाजूनं बोलणार. खड्डा खणताना तीच सब्बल उभी मारता ना? तेव्हा ती तरफ नसते, तिचं टोक पाचरीचं काम करतं. टेकू, बल, भार तिन्ही असले तरच तरफ. नुसतं अवजाराचं नाव म्हणजे अर्धं उत्तर.

काळीमाती:
मग नुसतं ‘पहार’ लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क कसा, सर?

पाटीपेन्सिल:
हे मान्य. तिथं सूचीच तोकडी आहे.

गॅरेजवाला (हिंगणघाट):
मी म्हणतो ‘तरफ’ शब्दच काढा. ब्रेकला, क्लचला सगळे लिव्हर म्हणतात. तरफ म्हटलं की पोट्ट्यांना हिंदीतलं ‘इस तरफ, उस तरफ’ आठवते.

जुनं दफ्तर (अकोला):
आठवू द्या की! बाजू या अर्थाचा अरबी ‘तरफ’ आपल्याकडे परका नाही. ‘तर्फे’, ‘तरफदारी’ रोज बोलतो. बहमनी राज्याच्या चार तरफा, म्हणजे प्रांत, होत्या: दौलताबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपला वऱ्हाड. टेकूच्या दोन बाजूंचा हिशेब शिकवायला हा शब्द कानाला किती जवळचा आहे. लिव्हर म्हणाल तर खेड्यात आधी कावीळ आठवते. उचलणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो इंग्रजीत आला, हे पोरांना कुठून कळणार?

बंडीवाला (दारव्हा):
राजेहो, शब्दावर भांडून रायले, पन कामाचं कोनी सांगत नाई. बंडीच्या चाकाले वंगन द्याचं असलं की आम्ही आसाखाली बल्ली घालतो अन् बल्लीखाली गोटा. गोटा आसाजवळ सरकवला त एकटं पोट्टं बल्लीवर लोंबकळून बंडी उचलते. दूर गेला त चार मानसं लागते. माह्या बापाले तरफ शब्द ठाव नोता, पन गोटा कुठं ठेवाचा हे बराबर ठाव होतं. पोरीले मार्क द्या.

पाटीपेन्सिल:
काका, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. तरी शब्द लागतोच. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मधे. चुलीजवळच्या चिमट्यात भाकर टोकाला अन् बोटांचा जोर मधे. तिथं जोर वाचत नाही, उलट जास्त लागतो, पण हात भाजत नाही. सब्बल, अडकित्ता, चिमटा, तराजू ही एकाच घरची भावंडं आहेत हे ‘तरफ’ शब्दानंच मुलांना दिसतं. म्हणून मला तो हवा आहे. सब्बल नको असं मी म्हणतच नाही.

काळीमाती:
सर, हे पटलं. आत्ताच पोरीसमोर आजीचा अडकित्ता ठेवला. तिनं सुपारी आधी पात्याच्या टोकाशी धरली, फुटेना. मग खिळीजवळ सरकवली, कटकन दोन तुकडे. म्हणाली, “बाबा, टेकूजवळ.” उद्या शाळेत जातो. तिनं वहीत काढलेली आकृती सोबत नेतो. सब्बल, ठोकळा, गोटा, तिन्ही आहेत तिच्यात.