फिंचना कोणता पाला आणि कोणत्या भाज्या द्याव्यात? पालकाला तोंड लावत नाहीत, काकडी दिली की विष्ठा पातळ होते

ठाणेकर_फिंच

माझ्याकडे झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आणि तीन बेंगाली फिंच आहेत. सगळे एकाच मोठ्या पिंजऱ्यात, फ्लॅटच्या बाल्कनीत. खाणं म्हणजे राळे, थोडी बाजरी आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा (कटलफिश बोनचा) तुकडा. आठवड्यापूर्वी पालक चिरून वाटीत ठेवला, कोणी पाहिलंही नाही. काकडी मात्र आवडली, पण दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याचा कागद ओलाचिंब झाला होता. एक झेब्रा मादी घरट्यात बसायला लागली आहे, म्हणून जरा घाई आहे.

प्रश्न असे:
१) मंडईत सहज मिळणाऱ्यांपैकी कोणता पाला नेमाने द्यावा आणि किती?
२) कोणता अजिबात नको?
३) फवारणीचं काय करायचं? नुसतं धुतलेलं पुरतं का?
४) खातच नसतील तर सवय कशी लावायची?

नेटवरच्या याद्या बहुतेक पोपटांच्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या भाज्या इथे मिळत नाहीत.

---

राळे_बाजरी

आधी प्रमाण. झेब्रा फिंचचं वजन जेमतेम १२ ग्रॅमच्या आसपास. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानावरचा, गवताच्या बिया टिपणारा पक्षी. त्याचं जेवण बियांचं, पाला तोंडी लावण्यापुरता. दोन पक्ष्यांना मिळून बारीक चिरलेला पाला एक सपाट चहाचा चमचा, आठवड्यातून चार-पाच दिवस. तुमच्या सात जणांना साडेतीन चमचे होतात. त्याहून जास्त दिलं तर ते वाया जाईल किंवा बियांच्या जागी पोटात जाईल, आणि तसं व्हायला नको.

पालकाला तोंड लावलं नाही ते एका अर्थी बरंच झालं. पालक विषारी नाही, पण त्यात ऑक्झॅलिक आम्ल फार. १०० ग्रॅम पालकात कॅल्शियम साधारण ७०-८० मिलिग्रॅम आणि ऑक्झॅलिक आम्ल सहाशेच्या वर. हे आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं, मग ते आतड्यातून शोषलं जात नाही. म्हणजे पालक स्वतःचं कॅल्शियम तर देत नाहीच, वर समुद्रफेनातलंही थोडं अडवतो. एरवी महिन्यातून एखादं पान खाल्लं तर काही बिघडत नाही. पण अंड्यावर आलेल्या मादीला कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ राहतं, अंडं पुढे ढकलायला स्नायूंत जोर उरत नाही आणि अंडं अडकतं. १२ ग्रॅमच्या पक्ष्यात हा काही तासांचा खेळ असतो.

याच कारणाने माठ, राजगिऱ्याचा पाला, चाकवत, घोळ आणि बिटाचा पाला कधीतरीच. त्या मादीची वीण संपेपर्यंत तर नकोच.

नेमाने द्यायला माझी पसंती या क्रमाने: मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोहरीचा किंवा मुळ्याचा कोवळा पाला. मेथी-कोथिंबिरीत ऑक्झॅलिक आम्ल अगदी कमी आणि कॅल्शियम भरपूर, म्हणजे पालकाच्या बरोबर उलट हिशेब. मेथी कडू लागते म्हणून खाणार नाहीत असं आपल्याला वाटतं, पण कोवळी पानं छान कुरतडतात.

शेवगा खास. त्याची पानं मुळातच फिंचच्या चोचीच्या मापाची, चिरायचीही गरज नाही. छोटी डहाळी क्लिपने बसायच्या दांड्याजवळ टांगायची. सोसायटीत किंवा ओळखीच्या अंगणात फवारणी न केलेलं झाड असेल तर याहून सोपा पाला नाही.

---

मंडई_ते_पिंजरा

वरच्या उत्तराला जोडून भाज्या आणि वर्ज्य गोष्टी.

काकडीने झालं ते बहुतेक जुलाब नव्हेत. पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग असतात: घट्ट हिरवट-तपकिरी शी, पांढरं युरेट आणि पाण्यासारखी लघवी. काकडी जवळजवळ पाणीच, त्यामुळे तिसरा भाग वाढतो आणि कागद भिजतो. घट्ट शी आकारात असेल आणि पक्षी चपळ असेल तर काळजी नाही, काकडी कमी करा. घट्ट भागच पसरट झाला, वास यायला लागला किंवा पक्षी पिसं फुगवून बसला, तर सगळा ओला खुराक बंद करून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. एक खूण फसवी आहे. पाला न खाताही विष्ठा गडद हिरवी आणि अगदी थोडी दिसली तर पक्षी उपाशी आहे असं समजा. भांड्यात वर नुसता कोंडा असतो आणि आपल्याला ते भरलेलं वाटतं. रोज फुंकर मारून बघा.

काकडी, दुधी, दोडका हे उन्हाळ्यापुरते, एखादी पातळ चकती. पोषण म्हणून त्यांचा फारसा उपयोग नाही. नुसत्या राळ्या-बाजरीवरच्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व कमी पडतं, ते गडद हिरव्या आणि केशरी भाज्यांतून येतं:

गाजर: किसणीच्या बारीक बाजूने किसून. फोडी टाकल्या तर चोच लागत नाही.
लाल भोपळा, रताळं: वाफवून, मीठ न घालता, गार करून, कुस्करून.
ब्रोकोली: तुरा अख्खा टांगा. वरच्या कळ्या बियांसारख्या दिसतात, त्यामुळे पालेभाजी न खाणारे पक्षीही त्या टिपतात.
ढोबळी मिरची: उभी चिरून, बियांसकट. पक्ष्यांना तिखट जाणवत नाही, बिया तर आधी संपतात.
मटार, मक्याचे दाणे: दाणा चिरून. साल फिंचला फोडता येत नाही.

कोबी आणि फ्लॉवरचा पाला आठवड्यातून एकदा, पुरे.

आता वर्ज्य. अळू: त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंड-घसा सुजतो. आंबट चुका: पालकाचीच अडचण, जास्त तीव्र. कांदा, कांद्याची पात, लसूण: तांबड्या रक्तपेशी फुटतात. अव्होकाडो: फळ, पान, साल काहीच नाही, त्यातलं पर्सिन नावाचं विष हृदयावर जातं आणि छोटा पक्षी काही तासांत दगावू शकतो. टोमॅटो, वांगं, बटाटा, मिरची यांची पानं-देठं नकोत. हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा नको. राजमा कच्चा किंवा नुसता मोड आलेला कधीच नाही. घरातली फोडणीची, मिठाची भाजी "थोडीशीच" म्हणूनही नको. आपल्या जिभेला अळणी लागणारं मीठही १२ ग्रॅमच्या जिवाला जड.

पाला वाटीतून तळाशी ठेवत असाल तर ती जागा बदला. वरून विष्ठा पडते.

---

कुंडीतली_मेथी

फवारणीबद्दल. धुण्याने निघतं ते पानावरचं. झाडात भिनणारी औषधं कितीही धुतलं तरी निघत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: घरचं, मग ओळखीच्या शेतातलं, मग मंडईतलं. फ्लॉवरवर तर औषध भरपूर पडतं, त्याचा पाला मंडईचा असेल तर मी देऊ नका म्हणेन. वर आठवड्यातून एकदा म्हटलंय, ते घरच्या फ्लॉवरला लागू.

मंडईच्या पाल्यासाठी: मुळं आणि पिवळी पानं काढा. मोठ्या भांड्यात तीनदा पाणी बदलून हलवा, माती खाली बसू द्या. मग एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवा, आणि पुन्हा तीनदा साध्या पाण्याने धुवा. मिठाचं पाणी लोक वापरतात, पण फिंचच्या बाबतीत टाळलेलं बरं, पानांच्या घडीत मीठ राहतं. शेवटी झटकून फडक्यावर पसरा.

त्यापेक्षा मेथी लावा, खरंच. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, चार इंच खोल ट्रेमध्ये माती आणि शेणखतावर दाट पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती. तीन-चार दिवसांत उगवते, बारा-पंधराव्या दिवशी बोटभर झाली की कात्रीने कापा. दर आठवड्याला एक ट्रे पेरत गेलात तर सात पक्ष्यांना मंडईत जावं लागणार नाही. कोथिंबिरीला धणे रगडून दोन फाकी करा, उगवायला आठ-दहा दिवस धरा. गव्हांकुरही चालतात, पण आठवड्याच्या आत संपवा, दाट पेरणीत बुडाला बुरशी धरते.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं वापरू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, रंग दिसतोच. आणि हिरवा पाला म्हणून ज्वारी उगवू नका. कोवळ्या ज्वारीच्या पानात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, जनावरं दगावतात ती यानेच. ज्वारीचा पक्व दाणा वेगळा, त्याला काही नाही.

रस्त्याकडेचं, बागेतलं गवत उपटून आणू नका. तणनाशक, कुत्र्यांची मुतारी, चिमण्या-कबुतरांची विष्ठा, सगळं त्यावर असतं.

---

राळे_बाजरी

सोड्याबद्दल सहमत. फ्लॉवरचंही मान्य.

सवय लावायचं राहिलं. फिंच नवी वस्तू खाणं म्हणून ओळखतच नाही, पोपटासारखी चाखून बघत नाही. म्हणून पाला ओळखीच्या रूपात द्यायचा. पहिले तीन-चार दिवस ओलसर चिरलेल्या मेथीवर राळे भुरभुरा. दाणे टिपताना पान चोचीत येतं. पाचव्या दिवसापासून राळे कमी करा आणि सोबत अख्खी जुडी दांड्याच्या उंचीवर टांगा. पानं ओली असली तर पक्षी त्यात अंग घासून आंघोळ करतात आणि मग कुरतडतात. सकाळी उजाडल्यावर पहिल्या तासात द्या, तेव्हा भूक असते. दहा ते पंधरा दिवस धरा. तुमच्याकडे बेंगाली आहेत हे सोयीचं, ते आधी खायला लागतात आणि झेब्रा बघून बघून शिकतात.

भूक लागावी म्हणून बिया काढून ठेवायचा सल्ला कुठे वाचलात तर मानू नका. यांचा चयापचय इतका वेगवान की अर्धा दिवस उपास झाला तरी पक्षी कोसळू शकतो.

दिलेला पाला उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन तासांत काढा, थंडीत तीन-चार. शिजवलेला भोपळा-रताळं तासाभरात.

पावसाळ्याच्या अखेरीस एक मेजवानी मिळते: बाजरीचं किंवा राळ्याचं दुधावर आलेलं कणीस. रानात हे पक्षी पिल्लांना मुख्यतः अर्धकच्च्या गवतबियाच भरवतात, त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. शेतकरी ओळखीचा असेल तर दहा-वीस कणसं आणून पिशवीत फ्रीजरला टाका, लागेल तसं एक काढून सामान्य तापमानाला आणून टांगा. फक्त कणीस हाताला चिकट लागलं किंवा दाण्यांच्या जागी काळपट गाठी दिसल्या तर फेका. तो चिकटा, म्हणजे अरगट बुरशी, विषारी.

---

ठाणेकर_फिंच

खूप मदत झाली. शेवगा सोसायटीतच आहे. दोन शंका. पालक उकळून पाणी टाकून दिलं तर? आणि पिल्लं निघाली की पाला वाढवायचा की बंद करायचा?

---

मंडई_ते_पिंजरा

उकळल्यावर विरघळणारं ऑक्झॅलिक आम्ल बरंचसं पाण्यात उतरतं, पण मेथी हाताशी असताना तो खटाटोप कशाला.

पिल्लांचं: अंड्यातून निघायला साधारण १२ ते १४ दिवस. पहिले दोन-तीन दिवस ओला खुराक वाढवू नका. मग मोड आलेले राळे आणि बारीक पाला दिवसातून दोनदा, पण थोडा थोडा. आईबाप समोर असेल ते पोटात भरून पिल्लांना भरवतात. नुसता पाला मिळाला तर पिल्लाची पोटळी (गळ्यातली अन्न साठवायची पिशवी) हिरव्या पाण्याने भरते आणि वाढ खुंटते. मानेच्या बाजूला पोटळी दिसते, त्यात बहुतांश दाणे दिसले पाहिजेत.

मोडांसाठी राळे दहा तास भिजवा, गाळणीत निथळा, दर सहा-आठ तासांनी धुवा. पांढरं टोक दिसलं की द्या, लांब मोडाची वाट बघू नका. दमट हवेत आंबट वास किंवा बुळबुळीतपणा आला तर सगळी खेप फेका, धुऊन वापरू नका.

आणि मादीसाठी आजच अंड्याचं कवच दहा मिनिटं उकळून, वाळवून, रव्याएवढं भरडून वेगळ्या वाटीत ठेवा. समुद्रफेन असला तरी ठेवा, अंड्याच्या दिवसांत माद्या कवच जास्त खातात. बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन थेट पिंजऱ्यावर येतं का तेही बघा. काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याच्याशिवाय हे कॅल्शियम अंगी लागत नाही. पिंजऱ्याचा एक कोपरा मात्र सावलीत हवा.