ध्यानाच्या कोपऱ्यासाठी बुद्धमूर्ती : पितळी की प्लास्टरची?

प्रश्न : जय भीम. ऐरोलीत खाडीच्या बाजूला घर आहे, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. एक फुटी मूर्ती कशातली घ्यावी? पितळी घेतली तर साफ कशी करावी? मुद्रा कशा ओळखाव्यात आणि मूर्ती किती उंचीवर ठेवावी?

उत्तर : पितळीच. प्लास्टर ओल शोषतं, बैठकीपासून रंगाचे पोपडे निघू लागतात. भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

उत्तर : पितळेवर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, आहे का, आधी विचारा. असेल तर चिंच नको, नुसतं कोरडं फडकं. नसेल तर चिंचेचा कोळ दोन मिनिटं, लगेच धुवा. केसांच्या कुरळ्या गाठींत मऊ ब्रश फिरवाच. तिथे कोळ राहिला की पुन्हा हिरवं चढतं.

उत्तर : दोन्ही हात मांडीवर, ती ध्यानमुद्रा, उजवा हात जमिनीकडे, ती भूमिस्पर्श. आपण मांडी घातल्यावर आपले डोळे साधारण अडीच फुटांवर येतात, म्हणून चौथरा पावणेदोन फूट पुरे. मान वर करावी लागली तर दहा मिनिटांत अवघडते.