गायरान उकरून झाडं लावू नका, गवताच्या मुळाखाली मोठा व्यवहार चाललाय

खानापूरकर: आमच्या तालुक्यात माळ म्हणजे पडीक, ही समजूत पक्की झालीय. जेसीबी आला, खड्डे मारले, अकेशिया लावली, झाली हिरवाई. मला हे पटत नाही. कुसळी, मारवेल ही गवतं उन्हावर जे अन्न बनवतात, त्यातला 4 ते 20 टक्के कार्बन मुळातल्या बुरशीला जातो. बदल्यात बुरशी स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. आपल्या तांबड्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला आवळून धरतात. मूळ जिथं पोचत नाही तिथं बुरशीचे तंतू शिरतात. माती उकरली की हे जाळं तुटतं.

निपाणीचा शेतकरी: गवत कार्बन देतं, खरं तो मातीत टिकतो किती दिवस? 2003 सालच्या एका अभ्यासात या तंतूंचं आयुष्य सरासरी 5-6 दिवस निघालं. मेले, कुजले, कार्बन परत हवेत. जगभरात वर्षाला 13 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन बुरशीकडं जातो, हा 2023 चा अंदाज सगळे पुढं पाठवतात. तो बुरशीकडं जाणारा आकडा आहे, मातीत साठणारा नव्हे. आणि झाडांच्या मुळातही बुरशी असतेच की! माळावर सावली नाही, सरपण नाही. बायकांनी सरपणाला कुठं जायचं ते पण सांगा.

खानापूरकर: सरपणाचं बरोबर आहे, त्यासाठी बांध आहेत, घरामागची जागा आहे. तंतू लवकर मरतात हेही खरं. पण त्यांचे अवशेष चिकणमातीला, लोहाच्या कणांना चिकटतात आणि तिथं जिवाणूंना ते सहज खाता येत नाहीत. स्फुरद अडवणारं लोहच इथं कार्बन राखतं! खोडातला कार्बन कुऱ्हाड पडली, वणवा लागला की गेला.

बेळगावची मास्तरीण: कॉलेजात आम्ही गवताची मुळं कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळून, शाई आणि व्हिनेगरनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. पेशीच्या आत बुरशी झुडपासारखी फांदत गेलेली निळी दिसते. देवाणघेवाण तिथंच होते. या बुरशीला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, ती वनस्पतीकडूनच घ्यावी लागतात, हे 2017 मध्ये सिद्ध झालं. पण याला दानधर्म समजू नका. 2011 च्या प्रयोगात दिसलं, की जी बुरशी जास्त स्फुरद देते तिला मूळ जास्त कार्बन देतं. म्हणून ऊसवाल्यांनो, डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा केला की पीक बुरशीला पोसायचं कमी करतं.

निपाणीचा शेतकरी: बाई, डीएपी कमी करतो, माती परीक्षण करून. पण खानापूरकर, तुमच्या माळावर गुरं किती सोडता तेवढं सांगा. बुडख्यापर्यंत चरलेलं गवत स्वतःलाच पुरत नाही, ते बुरशीला काय देणार?

खानापूरकर: हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पावसाळ्यात निम्मं गायरान बंद ठेवा, गवताचं बी पडलं की उघडा. ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे.